गल्ल्यावरची वाटी

आमच्या हॉटेलात एक रीत होती. सकाळी रस्सा उकळला आणि मासवडीची पहिली गुंडाळी कापली, की आचाऱ्यानं स्टीलच्या वाटीत पळीभर रस्सा आणि एक वडी घालून वाटी गल्ल्यावर माझ्यापुढं आणून ठेवायची. मी थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटायचा, वडीचा कोपरा तोडायचा आणि एक तर "हं" म्हणायचं, नाहीतर "परत". "हं" कानावर पडल्याशिवाय एकही ताट भरायचं नाही. बाहेर नाशिकची आख्खी गाडी रिकामी झालेली असली तरी नाही.

आळेफाट्यावर हॉटेलं काय कमी आहेत? पण ही रीत फक्त आमच्याकडं. मला तिचा असा काही तोरा होता की विचारू नका.

ही रीत पाडली ती तिशीतल्या एका बाईनं. ती बाई मीच, पण आता तिच्याकडं बघते तेव्हा शेजारच्या गल्लीतली कुणी भांडखोर बाई असावी तसं वाटतं. मोठं कुंकू, त्याहून मोठा आवाज, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या अर्ध्या किल्ल्यांची कुलपं कधीच हरवलेली, पण चालताना आवाज झाला पाहिजे ना! एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं रस्सा खारट आहे म्हणून ताट बाजूला सारलं. बाईनं काय करावं? चुलीवरचं पातेलं दोन पोरांकरवी उचलून रस्त्यात आणलं आणि सगळ्या गॅरेजवाल्यांसमोर गटारात उपडं केलं. लोक बघत राहिले. बाईला वाटलं, आपला दरारा बसला. ऐन जेवणाच्या वेळेला आपल्याकडं वाढायला काही उरलं नाही, सगळं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात गेलं आणि शेजाऱ्याची त्या दिवशी दिवाळी झाली, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही. माझा नवरा बिचारा गल्ल्यावर बसून म्हणाला, "मीठच जास्त व्हतं. पाणी घालून भागलं असतं." त्यावर ती बाई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाटी सुरू झाली. आणि वाटीबरोबर एक हुकूम: माझ्या आधी कुणी तोंडाला लावायचं नाही. नैवेद्याचं पान आपण आधी उष्टं करतो का? नाही ना? मग हेही तसंच. बाईनं स्वतःला थेट देव्हाऱ्यात नेऊन बसवलं होतं, बाकी काही नाही.

आमचा आचारी आहुप्याकडचा. मिसरूड फुटायच्या आधी आला तो आमच्याकडंच म्हातारा व्हायला लागलाय. त्यानं हा हुकूम असा पाळला, की कुठल्या शिपायानं पाळला नसेल.

मग काही वर्षांपूर्वी तो ताप आला. तेव्हा घरोघर लोकांचा वास जायचा आणि परत यायचा. माझा गेला तो गेलाच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लसूण सोलत होते. हात नाकाशी नेले, तर जसे काही पाण्यात बुडवलेले. नंतर जिभेनंही साथ सोडली. मीठ कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. पण भाजलेल्या तिळाचा, कांद्याचा, खोबऱ्याचा जो खरा स्वाद, तो कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून नेल्यासारखा. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिले. अशात नवरा गेला. त्या दुःखात नाकाचं कुणाला सांगायचं?

आणि खरं सांगू का, सांगायचंच नव्हतं. फाट्यावर माझी ओळख काय? वाटी चाखणारी मावशी. तिचीच चव गेली म्हटल्यावर राहिलं काय? किल्ल्यांचा जुडगा?

मग मी सोंग सुरू केलं, आणि सोंग करण्यात मी पहिल्यापासून पटाईत. तर्रीचा रंग बघायचा, वडी बोटानं दाबून बघायची, मीठ तेवढं जिभेला विचारायचं आणि म्हणायचं, "हं." दरारा टिकावा म्हणून मधेच एखादं "परत" ठोकून द्यायचं. आचारी वाटी आत घेऊन जायचा, पातेल्यात काहीतरी ढवळून पुन्हा आणायचा. "आता बघा मावशी." मी बघायचे. मला तर दोन्ही सारखेच! तरी मान डोलवायचे, "आता जमलं." तो खूश, मी खूश.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा हॉटेल सुनेच्या हातात दिलं. दिलं म्हणजे सगळ्यांना तसं सांगितलं. सून लोणीची, शेतकऱ्याच्या घरातली, बोलायला कमी आणि कामाला तिखट. मुलगा चाकणच्या कंपनीत, रविवारचा येणार; नात इथल्याच शाळेत. तिनं नळ दुरुस्त करून घेतले, बायकांसाठी स्वच्छ मोरी केली, बाहेर मोबाईलनं पैसे द्यायची पाटी लावली. गिऱ्हाईक तिला विचारायला लागलं, कामाला असलेल्या बायका तिच्याकडं सुट्टी मागायला लागल्या. मीही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आता सगळं तीच बघते. मी आपली शोभेला."

पण सकाळी वाटी यायची ती माझ्यापुढं. ती गल्ल्यावर उभी, मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, आणि आचारी वाटी घेऊन तिला ओलांडून पुढं यायचा. ती बाजूला सरकून त्याला वाट द्यायची. रोज.

एकदा तरी म्हणायचं होतं, "तिला दे." म्हटलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला मी शेटजींच्या दुकानातून सुक्या खोबऱ्याचं पोतं भरलं. सून म्हणाली, "आत्या, पावसात खोबरं टिकत नाही. थोडं थोडं आणू."

"मी हॉटेल काढलं तेव्हा तू पाळण्यात होतीस," मी म्हटलं. हे वाक्य माझं फार आवडतं. यावर कुणालाच काही बोलता येत नाही.

व्हायचं तेच झालं. आषाढ लागला, हवा ओली झाली. एका सकाळी आचारी वाटी घेऊन आला आणि सून पहिल्यांदाच आडवी आली. वाटी नाकाशी नेली.

"आत्या, खवट वास येतोय. खोबरं गेलंय."

आचारी माझ्याकडं बघायला लागला. आतून भाकरी थापणाऱ्या बायकाही डोकावल्या. बाहेर लेण्याद्रीला निघालेल्या लोकांची बस नुकतीच उभी राहिली होती, माणसं उतरत होती. मी रस्सा तळहातावर घेतला. चाटला. मीठ बरोबर होतं. तिखट बरोबर होतं. बाकी नेहमीसारखं काहीच नव्हतं.

त्या क्षणी मला काय काय म्हणता आलं असतं! "तू म्हणतेस तर असेल." एवढंसं वाक्य. पण सगळे बघत होते, आणि ती तिशीतली बाई माझ्या घशात बसलेली होतीच.

"हं," मी म्हणाले. "वाढा."

पानं वाढली गेली आणि अर्धी तशीच परत आली. एक म्हातारे गृहस्थ हात धुऊन गल्ल्यापाशी आले. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मावशी, खोबरं खवट हाय. पोरं आजारी पडत्याल. बघा जरा."

सून शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घालून त्यांचे पैसे परत केले, ताटं उचलली, पातेलं आत नेलं. तिशीतली मी असते तर पातेलं रस्त्यावर आणलं असतं. हिनं मागच्या दारी नेऊन रिकामं केलं, आणि खोबऱ्याचं उरलेलं पोतं तेल काढायला म्हणून बांधून ठेवलं.

तिला काय वाटलं असेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. सासूनं मुद्दाम खाली बघायला लावलं. चार माणसांत. खवट आहे हे कळत असूनसुद्धा. आणि मी तसं केलं नाही हे तिला पटवायचं, तर नाकाची गोष्ट सांगावी लागणार. सांगितली तर मी गेले, नाही सांगितली तर ती. मी काही दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात मंचरला बचतगटांच्या बायकांचा मेळावा होता, आणि त्यात माझं भाषण. विषय काय? कुशल नेतृत्व! बोलावणारी मुलगी फोनवर म्हणाली होती, "आजी, उद्योजक महिलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी सांगा." सुनेनंच मला गाडीतून नेलं आणि पहिल्या रांगेत बसली. मी माईक हातात घेतला. माईक दिसला की मला चेव येतो. म्हणाले, "बायांनो, धंदा मोठा करायचा असंल तर आपल्या हाताखालच्या माणसांवर विश्वास टाका. नव्या पिढीला पुढं येऊ द्या. मालकिणीनं सगळीकडं नाक खुपसू नये!" नाक म्हणाले हो मी. बायका हसल्या, टाळ्या पडल्या. सूनही टाळ्या वाजवत होती. तिच्याकडं बघायचं नाही म्हणून मी सगळा वेळ मागच्या पंख्याकडं बघत बोलले.

परतताना नारायणगाव मागं पडल्यावर तिनं गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "छान बोललात आत्या."

"टाळ्या बऱ्या पडल्या," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. माझंच "हं", माझ्याच सुरात. मग समोर बघत म्हणाली, "हे चाकणला खोली बघतायत. पोरीला तिकडच्या शाळेत घालू म्हणतात. मीही विचार करते. कंपनीच्या कँटीनमध्ये माणूस पाहिजे आहे."

"आणि हॉटेल?"

"हॉटेल तुमचंच आहे की."

यात टोमणा असता तर मी उलटं उत्तर दिलं असतं. टोमण्यांना मी घाबरत नाही. पण ती खरंच तसं समजत होती, आणि चुकीचं काय समजत होती? घरी आले, जेवले नाही. ती गेली तर हॉटेल चालणार नव्हतं. माझे गुडघे आणि माझी जीभ यांच्या भरवशावर तर नाहीच. पण मला भीती हॉटेलची कमी होती. ही पोर माझ्या घरातून अपमान घेऊन जाणार आणि तो अपमान मी केलाच नव्हता, याची होती. की केलाच होता? कोण जाणे.

रात्रभर मनाशी खलबतं केली आणि सकाळी एक नामी युक्ती सुचली. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास लागणार. चातुर्मासात कांदा-लसूण सोडला, की मासवडी तोंडाला लावायचा प्रश्नच नाही! वाटी आपोआप सुनेकडं जाईल. नाक झाकलेलं राहील, मान तिला मिळेल, वर पुण्य. स्वतःच्या हुशारीवर मी अशी खूश झाले की त्या भरात दोन केळी खाल्ली.

एकादशीच्या दुसऱ्या सकाळी आचारी वाटी घेऊन आला. मी दोन्ही हात जोडले.

"न्हाई रे बाबा. यंदा चातुर्मास धरलाय. कांदा-लसूण बंद. वहिनीला दे."

आचारी हसला. "आखाडात, मावशी? लोकं कोंबड्या शोधत्यात अन् तुमी लसूण सोडता?"

"देवाला बोललेय."

"बरं," तो म्हणाला. वाटी सुनेकडं गेली नाही. त्यानं ती माझ्या नाकासमोर धरली. "मग नुसता वास घ्या. वासानं काय चातुर्मास मोडत न्हाई."

माझी युक्ती अशी माझ्याच नाकाशी येऊन उभी राहिली. वाटीतून वाफ येत होती. वाफ गालाला लागली तेवढी कळली. सून गल्ल्याचं काम थांबवून बघत होती. मला वाटलं, आता "हं" म्हटलं की संपलं. पुन्हा एक दिवस ढकलला. आणि अजून किती दिवस, तर ती चाकणला जाईपर्यंत.

"मला वास येत न्हाई," मी म्हणाले.

"आँ?"

"येतच न्हाई. त्या तापापासून. चव पण न्हाई."

आचारी जो हसायला लागला तो थांबेचना. "ऐका वहिनी! मावशीची नवी चेष्टा!" आत बायकाही हसायला लागल्या. जन्मभर थट्टा करत आलेल्या बाईचं खरं कोण ऐकणार? मीही हसले, सवयीनं. सून तेवढी हसली नाही. ती आत गेली, पोतं सोडल्याचा, मग ताज्या खोबऱ्याचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि मुठी झाकून बाहेर आली.

"आत्या, डोळे मिटा. कुठल्या हातातलं खोबरं खवट?"

मी डोळे मिटले. तिनं आधी एक मूठ नाकाशी धरली, मग दुसरी. मला दोन्हींत नुसती हवाच लागली. "डावा," मी म्हटलं.

"बघा!" आचारी तिची डावी मूठ हुंगून ओरडला. "बरोबर सांगितलं! म्हणलं ना चेष्टा!"

नशीब कधी नको तिथं साथ देतं. सून म्हणाली, "परत. डोळे उघडू नका." ती आत जाऊन आली, पुन्हा दोन मुठी आल्या.

"आता उजवा."

डोळे उघडले तर तिनं दोन्ही हात माझ्यापुढं उघडे धरलेले. "या वेळी दोन्ही हातांत खवटच होतं, आत्या."

भाकऱ्यांचा आवाजसुद्धा थांबला. आचाऱ्यानं वाटी गल्ल्यावर ठेवली. सुनेचा चेहरा बदलत गेला, पण मला वाटलं होतं तसा नाही. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. तिला राग आला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला कळलंच नव्हतं."

"नव्हतं कळलं."

"मी आईला फोन करून रडले. म्हटलं, आत्यांना मी डोळ्यांसमोर नकोय." तिचा आवाज फाटला. "एवढं नाक मोठं होतं का तुमचं, की गेलेलंसुद्धा सांगता येईना?"

आजवर मला असं कुणी बोललं नव्हतं. पाळण्याचं वाक्य त्या दिवशी चाललं नसतं.

मग ती आचाऱ्याकडं वळली. "भाऊ, तुम्ही चाखलं नव्हतं का त्या दिवशी?"

"मी?" तो दचकलाच. "मी कसा चाखणार? मावशीच्या आधी तोंडाला लावायचं न्हाई."

"पण वास?"

"वास आला व्हता की भाजतानाच. पण मावशी 'हं' म्हणल्या." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहान पोरानं मारक्या मास्तरकडं बघावं. "मला वाटलं, माझंच नाक बिघडलंय."

हे मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. इतकी वर्षं स्वयंपाक करणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या नाकापेक्षा माझं "हं" खरं वाटत होतं. मला वाटायचं, सगळं हॉटेल माझ्या जिभेवर चालतं. चालत होतंच. मेलेल्या जिभेवर.

सुनेनं गल्ल्यावरची वाटी उचलली. मला वाटलं, आता ती चाखेल, "हं" म्हणेल, आणि निदान माझी रीत तरी पुढं चालेल. माझी सगळी युक्ती त्यासाठीच तर होती. तिनं वाटी आचाऱ्याच्या हातात दिली.

"तुम्ही चाखा."

"वहिनी, मी..."

"जो करील तो चाखंल. मग भाकरीवाल्या मावशींपैकी कुणीतरी. दोघांना पटलं की वाढायचं. गल्ल्यावर वाटी आणायची नाही. माझ्यापुढंपण नाही."

एका वाक्यात रीत मोडली. इतक्या वर्षांचा देव्हारा, आणि त्यात तिला बसायचंच नव्हतं. आचाऱ्यानं पाठ फिरवून, चोरून खाल्ल्यासारखा, रस्सा चाखला. बराच वेळ तोंड हलवत राहिला. मग म्हणाला, "धने जरा कमी पडलंत." त्याच्या रश्शाबद्दल त्याचं मत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी सुनेनं शेटजींना फोन लावला. "शेटजी, पोतं नको. दर आठवड्याला ताजं खोबरं पाठवा. हो, दिवाळीपर्यंत." मी कान टवकारून बसले होते. नाक गेलंय, कान शाबूत आहेत. दिवाळीपर्यंत. पुढचं ती बोलली नाही. रविवारी मुलगा आला, दोघं बाहेर ट्रकच्या आडोशाला उभं राहून बराच वेळ बोलत होती. आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोरगी सहामाहीपर्यंत इथंच शाळेत राहील." मी विचारलं नाही, आणि त्यानंतर काय हेही विचारत नाही. रात्री मात्र त्यावरच झोप येत नाही.

माझा तो खोटा चातुर्मास मात्र खरा होऊन बसला. देवाला बोललेय म्हणून सगळ्यांसमोर सांगितलेलं. आता कांदा-लसणाशिवायची आमटी, जिची चव कांदा-लसूण असता तरी लागली नसती आणि नसतानाही लागत नाही. माझीच करणी.

परवा सून ताट घेऊन आली. अलीकडं ती ताट ठेवताना चव सांगते. भाजी जरा करपली, भात मऊ झालाय. मी ऐकते आणि तसं समजून जेवते. खरं सांगते की थट्टा करते, मला कळायला मार्ग नाही. या वयात दुसऱ्याच्या जिभेवर जेवायला शिकतेय.

"आमटीत चिंच जास्त पडलीय आज," ती म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मी भुरका मारला. आंबट तेवढं मला अजून कळतं. जिभेवर आंबट काहीच नव्हतं. "हं" ओठांवर आलेलं होतं, तयारच असतं ते. जन्माची सवय. तिनं एवढं सांगितलंय, कशाला दुखवा, असंही मनात आलं.

"मला काय आंबट लागत न्हाई बाई," मी म्हटलं.

"घातलीच नाही अजून," ती म्हणाली. "बघत होते." आणि ताटातली वाटी उचलून, चिंच घालायला आत घेऊन गेली.